झाडूलाथ अडते की नाही

मित्रांनो, भंगाराच्या गोदामात, गंजलेल्या पंख्यांच्या ढिगामागे एक उंच लाकडी पेटी उभी आहे. समोर काचेचा पडदा, त्याखाली दोन दांडे आणि बटणांच्या दोन ओळी. ती पेटी म्हणजे मी, लढाईच्या गेमचे एक जुने मशीन.

मला घडवले ते एका कारखान्यातल्या बाईने. माझ्या प्रत्येक दांड्याखाली तिने चार बारीक स्विच बसवले, चार दिशांचे चार. दांडा सरळ ओढला तर एक स्विच दाबला जातो, कोपऱ्यात ओढला तर शेजारचे दोन एकदम. तिने दोन्ही दांडे सगळीकडे फिरवून पाहिले, सगळे स्विच बोलले तेव्हाच माझे झाकण लावले.

मग मला एका लॉन्ड्रीत उभे केले. कपडे मिळेपर्यंत गिऱ्हाईक माझ्यापाशी बसे. मालक कौतुकाने माझ्यावर थाप मारून म्हणे, "हे आल्यापासून उशीर झाला तरी कोणी बोंब मारत नाही." मला फार बरे वाटे.

पण माझे खरे सोबती होते लॉन्ड्रीत काम करणारे दोघे भाऊबहीण. ताई गल्ल्यावर बसे आणि काही बिघडले की दुरुस्तीवाल्याला बोलावण्याचे कामही तीच बघे. धाकटा भाऊ आतल्या खोलीत वाफेची प्रेस चालवी; पेडल दाबले की तिचा वरचा तापलेला तवा कपड्यावर दाबला जाई. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नसे. म्हणून पहिल्याच दिवशी ताईने त्याला डाव्या खुर्चीवर बसवले आणि आपण उजवीकडे बसली. "आता माझी बडबड तुझ्या चांगल्या कानात पडेल," ती म्हणाली. पुढे त्या जागा कधी बदलल्या नाहीत.

एकदा कोणीतरी सरबताचा पेला माझ्यावर कलंडवला. मालकाने वरून फडके मारले. दुरुस्तीवाला म्हणाला, "आतून उघडून पुसायला हवं." मालक म्हणाला, "चालतंय ना? मग कशाला पोट फाडायचं त्याचं?" सरबत आत वाळले. डाव्या दांड्याचा मागचा स्विच चिकट झाला. दांडा सरळ मागे ओढला की तो अजून दाबला जाई. कोपऱ्यात मात्र स्विचवर दांड्याचा रेटा थोडा कमी पडतो. तिथे तो दाबलाच जात नसे.

माझ्या गेममध्ये एक लाथ होती, जमिनीलगत गोल फिरणारी. सगळे तिला झाडूलाथ म्हणत. बाकीचे मार उभ्याने, दांडा सरळ मागे ओढून अडवता येत. ही एकच लाथ खाली बसून अडवावी लागे, म्हणजे दांडा मागे आणि खाली, त्या कोपऱ्यातच ओढावा लागे.

"ही अडतच नाही," भाऊ म्हणाला.

"अडत नाही काय? आत्ताच तुझी अडवली ना मी! कोपऱ्यात ओढ."

"ओढतोय, ताई."

"मग हात काय उसने आणलेस?"

वाद वाढला. शेजारचा शिंपीकाका म्हणाला, "पाय जमिनीला घासून येतो, तो कोण अडवणार?" समोरच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, "काहीतरीच, काका! मी दहादा अडवली आहे." रोज नवी साक्ष, रोज नवा आरडाओरडा. अडवणारे सगळे उजवीकडे बसलेले असत आणि मार खाणारे सगळे डावीकडे, हे एकाच्याही ध्यानात आले नाही. शेवटी मार खाणारे गप्प बसले. आपणच कच्चे, असे ते धरून चालले. शिंपीकाकाही नर्सच्या बाजूला गेला. एकटा भाऊ आपल्या म्हणण्यावर राहिला. तो बाहेर आला की काका ओरडे, "आले बघा अडतनाही!" ताई सगळ्यांत मोठ्याने हसे.

एका दुपारी भाऊ घाम पुसत बाहेर आला. ताई शिंपीकाकाबरोबर माझ्यावर खेळत होती.

"ताई, प्रेसचं पेडल सोडलं तरी वरचा तवा कधीकधी उठत नाही. दुरुस्तीवाल्याला बोलव."

"लाथ अडत नाही, तवा उठत नाही," ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तुझ्या हाताला सगळंच कसं बिघडलेलं मिळतं रे?"

काका खो खो हसला. भाऊही कसानुसा हसला आणि आत गेला.

थोड्या वेळाने आतून किंकाळी आली. ताई अनवाणी धावली. तिच्या चपला माझ्यासमोरच राहिल्या.

तव्याखाली सापडलेल्या भावाच्या उजव्या हाताची बोटे वाचली, पण ती पुन्हा मिटली नाहीत. प्रेस दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाली.

त्यानंतर बरेच दिवस माझ्याकडे कोणी फिरकले नाही. मग एकदा ताई आली आणि डाव्या खुर्चीवर बसली. शिंपीकाकाला म्हणाली, "काका, तिकडे बसा. नुसती झाडूलाथ मारत राहा."

तिने दांडा कोपऱ्यात ओढला. लाथ बसली. दोन्ही हातांनी ओढला. लाथ बसली. काका थांबला तेव्हा ती म्हणाली, "मारा ना!" आणि मार खात राहिली.

समोरच्या दवाखान्यात हाताची पट्टी बदलून भाऊ दारात आला तेव्हा ती तिथेच होती. उठून ती त्याच्या उजव्या बाजूला गेली.

"अडत नव्हती रे. या दांड्याने खरंच अडत नव्हती."

"मी तेच सांगत होतो," भाऊ म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "प्रेसचंही तेच सांगितलं होतं."

तो आपला डबा घेऊन गेला. पुन्हा त्या लॉन्ड्रीत आला नाही. हे मशीन इथून हलवा, एवढेच ताईने मालकाकडे मागितले आणि माझी रवानगी या गोदामात झाली.

मित्रांनो, मला तेव्हा बोलता येत असते तर पहिल्याच दिवशी सांगितले असते. आम्हा यंत्रांना पुसत जा, उघडून पाहत जा. वरून फडके मारून आमचे दुखणे जात नाही. आणि शेजारचा माणूस म्हणाला, "माझ्याकडे हे चालत नाही," तर आपल्याकडे चालते म्हणून त्याला हसू नका. आधी उठा. त्याच्या जागेवर जाऊन बसा. तोच दांडा आपल्या हाताने ओढून पाहा. त्याला फार वेळ लागत नाही. ताईलाही लागला नाही. ती फक्त उशिरा बसली.