पाच घरांची बिस्किटं

तळेगावात ताराचंदचं कापडाचं दुकान एकाच गोष्टीसाठी ओळखलं जाई: मापाच्या वर चार बोटं. मीटर मोजून झाला तरी त्याची कात्री चार बोटं पुढे सरकल्याशिवाय चालायचीच नाही. या चार बोटांनी गिऱ्हाईक बांधून ठेवलं हे खरं, पण स्वयंपाकघरात हीच सवय कसा घात करते ते त्याला सत्त्याण्णव सालच्या दिवाळीच्या तोंडावर कळलं. तोवर त्याचा आणि स्वयंपाकघराचा संबंध पाटापुरता. ताट आलं की बसायचं, ताट उचललं की उठायचं.

त्या वर्षी त्याची बायको शोभा वर्ध्याच्या दवाखान्यात होती. पोटाचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते, टाके भरत आले होते, पण तिच्या तोंडात घास जात नव्हता. बहीण उशाशी बसून चमचा पुढे करायची आणि शोभा भिंतीकडे तोंड फिरवायची. बोलणंही जवळजवळ बंद. शेवटी डॉक्टरांनी ताराचंदला बाहेर बोलावलं. "आता पथ्य काही नाही. त्यांना आवडेल ते आणा, पण पोटात अन्न गेलं पाहिजे. अशा अवस्थेत मी त्यांना घरी सोडणार नाही."

आवडेल ते! ताराचंद परतीच्या एस.टी.त आर्वीपर्यंत विचार करत बसला. बायकोच्या साड्यांचे रंग विचारले असते तर घडाघडा सांगितले असते. खायला तिला काय आवडतं हे बारा वर्षांत त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याची त्यालाच लाज वाटली.

घरी आल्यावर त्याने मुलांना विचारलं. अकरा वर्षांची प्रेरणा आणि सात वर्षांचा निकेश एका दमात म्हणाली, "संत्र्याची बिस्किटं!"

दर दिवाळीला शोभा पोरांना हाताशी घेऊन ती करायची आणि रामाजीच्या भट्टीवर न्यायची. पाव निघाले की रामाजी गावातल्या बायकांची बिस्किटं भाजून द्यायचा. कुणी पीठ घरून मळून न्यायचं, कुणी जिन्नस नेऊन तिथेच मळायचं. ताराचंदच्या लेखी हे सगळे रिकामे उद्योग. "दुकानात पुडा भेटते ना," हे त्याचं दरवर्षीचं वाक्य, आणि डबा घरी आला की खायला पहिला तोच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि तिघं परातीभोवती बसली. निकेशने तूप आणि साखर फेसायला घेतली, निम्मी चाटली. प्रेरणा किसणीवर संत्र्याची साल किसू लागली. "नुसतं वरचं केशरी घ्याचं, बाबा. पांढरं आलं का कडू होते," तिने बजावलं. हुबेहूब आईचा सूर. मग मैदा पडला आणि रसाची पाळी आली.

"आई दोनच चमचे टाकते," प्रेरणा म्हणाली.

"अवं, आईसाठीच करून राह्यलो ना? मंग कंजुषी काऊन?" असं म्हणून ताराचंदने अख्खी वाटी ओतली. चार बोटं जास्त!

पीठ हाताला चिकटलं, हातातून निसटलं, परातीत पसरलं. घरातला मैदा संपलेला, भट्टीची वेळ टळत चाललेली, आणि सकाळची गाडी धरायची होती. प्रेरणाचे डोळे भरून आले. ताराचंदने परात उचलली, वर फडकं टाकलं आणि तिघं तशीच निघाली.

भट्टीपुढे बायकांची रांग होती. त्या रांगेत मिशीवाला तो एकटाच. रामाजीने फडकं उचलून पाहिलं. "शेठ, हे बिस्किटाचं पीठ हाये का पातळ भाजी? पत्र्यावर टाकलं तं एकच पोळी होईन."

बायका पदरात हसल्या. एरवी ताराचंदने रामाजीला चार शब्द सुनावले असते. आज त्याने परात पुढे केली. "शोभासाठी नेतो," तो कसाबसा म्हणाला. "बारा दिवसापासून काई खाल्लं नाई तिनं."

हसू जागच्या जागी थांबलं. दुकानात दर साडीमागे घासाघीस करणारी जिजाबाई पुढे आली. "सरका तिकडं. तुमी हात नोका लावू, शेठ." तिने आपल्या डब्यातलं भाजलेलं बेसन परातीत घातलं. शकुंतलाबाईने वाटीभर रवा दिला. रामाजीने स्वतःच्या बरणीतली इलायची कुटून टाकली. तरी पीठ सैलच होतं.

रांगेच्या टोकाला सखू उभी होती. गोंडपुरा वस्तीतली, संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणारी. तिच्या थैलीत पावशेरभर मैदा असेल नसेल. तिने एक मूठ टाकली, पीठ दाबून पाहिलं आणि दुसरी मूठ भरली.

"नोको, सखूबाई," ताराचंद घाईने म्हणाला. "तुह्या पोराईले कमी पडन."

"पोराईच्या कपड्याले तुमी चार बोटं जास्त देता ना जी," सखू म्हणाली. "आज माह्या हातचं घ्या." आणि तिने मूठ सोडली.

ताराचंदने नुसते हात जोडले. गिऱ्हाईकापुढे हात जोडायची त्याला सवय होती, पण हे जोडणं वेगळं होतं.

"खूण काय तुमची?" रामाजीने विचारलं. पत्र्यांवरची बिस्किटं एकमेकांत मिसळतात म्हणून प्रत्येक घर आपल्या बिस्किटावर काहीतरी खूण करायचं, कुणी बांगडीची, कुणी बाटलीच्या झाकणाची. ताराचंद पोरांकडे बघू लागला. निकेशने खिशातून दुकानातलं मोठं बटन काढलं आणि एकेका गोळ्यावर जीभ बाहेर काढून दाबत सुटला.

सकाळच्या गाडीने तिघं वर्ध्याला पोचली. शोभा भिंतीकडे तोंड करूनच पडली होती. प्रेरणाने डबा उघडला तसा खोलीत संत्र्याचा वास पसरला. शोभा वळली. तिने एक बिस्किट हातात घेतलं, बटनाच्या चार ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"म्या दाबलं," निकेश म्हणाला.

तिने कोपरा तोडून तोंडात टाकला. तिघंही श्वास रोखून तिच्या जबड्याकडे बघत राहिली.

"मीठ विसरले," शोभा म्हणाली.

बारा दिवसांतली ही तिची पहिली तक्रार. ताराचंदला आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. तिने आणखी एक तुकडा मोडला. "बेसन जिजाबाईचं. एवढं खरपूस थेच भाजते. अन् रवा... शकुंतलाबाईचा काय?"

"हो. अन् इलायची रामाजीनं टाकली."

"मैदा इतका कसा हाये मंग?"

ताराचंदने सगळं सांगितलं, ओतलेल्या वाटीपासून सखूच्या दुसऱ्या मुठीपर्यंत. स्वतःची फजिती त्याने जरासुद्धा लपवली नाही. शोभाने हातातलं बिस्किट संपवलं.

"तिच्यापाशी असनच किती," ती हळूच म्हणाली. तिने डोळे पुसले आणि दुसरं बिस्किट उचललं. तेही संपवलं. तिसऱ्यासाठी हात पुढे करत ती नवऱ्यावर जुन्या आवाजात खेकसली, "असे उभे काऊन राह्यले? डॉक्टरले विचारा, घरी कवा सोडते. दिवाळीच्या आत सखूच्या पोराईले डबाभर बिस्किटं द्याची हायेत. अन् रस म्या टाकीन."

ताराचंद पायात चपला न घालताच डॉक्टरांच्या खोलीकडे धावला.