धोंडुबाईचा आवाज येणार नाही तिथपर्यंत

तरुणपणी मी उधळलेला वळू एका हातानं थोपवला होता. शिवाजी पेठेत कुणालाही विचारा. खोटं म्हणतील, पण विचारा. तो मी गेल्या वर्षी फुटबॉलच्या गर्दीत श्वास कोंडून मटकन खाली बसलो. डॉक्टर म्हणाले, काळीज ठणठणीत आहे, मनात भीती बसलीय. तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाय पडेना. आणि येत्या रविवारी माझी नात अक्षता फायनलला गोलकीपर म्हणून उभी राहणार होती.

मनाच्या डॉक्टर रूपालीताई असतात आजऱ्याला. उपचार मोबाईलवरच. रोज थोडं लांब जायचं, तिथनं आवाजी मेसेज पाठवायचा. कुठं आहे आणि भीती दहापैकी किती.

पहिल्या दिवशी मी खाटेवर बसूनच मेसेज केला. आजरा लांब, म्हणून आवाज जरा चढवला.

"ताई, जोतिबाच्या पायरीवर हाय. भीती शून्य."

ताईंचं उत्तर आलं, "आबा, मागून कोणी बाई ओरडतायत, 'खोटं बोलतंय म्हातारं, खाटंवर बसलंय.' त्या कोण?"

"धोंडुबाई. समोर ऱ्हातीया."

"मग त्यांचा आवाज येणार नाही, तिथपर्यंत जायचं."

हे सोपं नव्हे. धोंडुबाईनं हाक मारली की पन्हाळ्यावरची कबुतरं उडतात. सोमवारी डेअरीपर्यंत गेलो. भीती नऊ, धोंडुबाई स्पष्ट. बुधवारी तालमीपाशी भिंत धरून बोललो. भीती आठ, धोंडुबाई बारीक. शुक्रवारी तालमीच्याही पुढं गेलो, ती ऐकूच येईना. तिथं घाम पुसत दहा मिनिटं उभा राहिलो, हललो नाही.

रविवारी मैदानावर कडेचा बाक धरला.

"ताई, ग्राउंडवर हाय. भीती सात."

"आबा, धोंडुबाई ऐकू येतायत. घरीच आहात ना?"

वळून बघितलं. मागच्या बाकावर धोंडुबाई, मांडीवर चिरमुऱ्याची पिशवी.

"गल्लीत तुझी बोंब ऐकू येईना," ती म्हणाली. "जिता हाईस का बघाय आले."

"ताईला सांग की, मी खरं बोलतोय."

"माझ्या जन्मात हे सांगितलं न्हाय कुणाला. खेळ बघू दे."

तेवढ्यात समोरच्या टीमची पोरगी बॉल घेऊन अक्षतावर धावून आली. सगळी गर्दी उठली. माझा श्वास अडकला. एका हातानं बाक आवळला, दुसऱ्यानं ताईंना व्हिडिओ कॉल लावून कॅमेरा नातीकडं धरला.

"दिसतंय आबा," ताई म्हणाल्या. "भीती किती?"

शून्य म्हणायला जीभ वळवळली.

"नऊ," म्हणालो. "पण मॅच संपल्याबिगर उठत न्हाय."