चषकासाठी काढलेले पट्टे

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि मी रागावले आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा सोशिक असतात. मोडकी खुर्ची, फाटकी छत्री, सगळ्या कशा डोळ्यांत पाणी आणून बोलतात. मला ते जमणार नाही. माझे डोके बॉनेटखाली आहे आणि ते लवकर तापते.

माझा जन्म झाला तेव्हा कारखान्यात जाड पत्रा मुबलक होता, पण आत बसणाऱ्यांच्या डोक्यांची काळजी फारशी कोणी करत नसे. मला चार दरवाजे, गोल दिवे आणि समोर पोलादी डॅशबोर्ड मिळाला. सीटबेल्ट तर कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पहिल्या मालकाने मला जीव लावला, दुसऱ्याने मरेस्तोवर राबवले आणि तिसरा मला छपराखाली उभी करून खुशाल विसरला. टायर बसले. मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला.

मग एके दिवशी एक जोडपे मला बघायला आले. त्यातल्या नवऱ्याचे चष्म्यांचे दुकान होते, म्हणून मी त्याला चष्मेवाले म्हणते. बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला छापखान्यात काम करत. त्यांची लेक चिमी हिची शाळा त्याच वाटेवर होती. चष्मेवाल्यांना जुन्या गाडीचे वेड आणि बाईंची अट एकच, गाडी रोज चालली पाहिजे. माझ्या शेजारी दोन दरवाजांची एक लाल गाडी उभी होती. चष्मेवाले तिच्यावर लट्टू झाले. बाईंनी मात्र माझा गालिचा उचलला, किल्लीने तळ ठोकून पाहिला आणि गुडघे टेकून खाली वाकून बघितले.

"हिचा तळ शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "त्या लाल गाडीचा पत्रा बोट लावलं की ढासळतोय."

"पण रंग बघ ना तिचा."

"चिमी काय रंगावर बसून शाळेत जाणार आहे? हिचे सुटे भाग मिळतात का, ते विचार आधी."

भाग मिळत होते. त्यामुळे माझे नशीब उघडले आणि मी गॅरेजात गेले. तिथल्या मिस्त्रींना बोल्टांशी गप्पा मारत काम करायची सवय होती. त्यांनी माझा थकलेला डायनॅमो काढून बॅटरी नीट भरणारा अल्टरनेटर बसवला. गर्दीत तापू नये म्हणून पंखा दिला. पुढच्या चाकांचे जुने ब्रेक काढून नवे डिस्क ब्रेक लावले. शेवटी तळाला भोके पाडून, खालून जाड पट्ट्या देऊन, चारही जागांवर सीटबेल्ट आवळले. मला दुखले, पण त्या दुखण्याचा मला अभिमान वाटला.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले. सकाळी चिमी मागे बसायची, पट्टा खटकन लावायची आणि सांगायची, "कुलूप लागलं." ते ऐकल्याशिवाय बाई मला सुरू करत नसत. मी सिग्नलला कधी बंद पडले नाही, चढावर कधी धापा टाकल्या नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या नव्या गाड्या माझ्याकडे वळून बघत.

मग कुठूनशी प्रदर्शनाची हवा चष्मेवाल्यांच्या डोक्यात शिरली. मैदानात जुन्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. पांढरे हातमोजे घातलेल्या परीक्षकाने मेलेली पाल उचलावी तसा माझा पट्टा दोन बोटांत उचलला आणि तो म्हणाला, "हे मूळचं नाही." आम्हाला काही मिळाले नाही. दिवसभर लोकांना स्पष्ट दिसावे म्हणून खपणारा हा चष्मेवाला माणूस, पण ते वाक्य ऐकून आल्यापासून त्याला चषकाशिवाय काही दिसेना.

पुढच्या वर्षी प्रदर्शनाआधी त्याने पाना घेतला आणि चारही पट्टे काढले. भोकांवर गालिचा ओढला. नवे ब्रेक मात्र तसेच ठेवले. "चाकाआड कोण वाकून बघतंय?" असे स्वतःशीच म्हणाला. जे दिसते तेवढेच काढायचे, असा त्याचा हिशेब होता. चषक मिळाला. टाळ्या वाजल्या. मला त्या टाळ्यांचा आजही संताप येतो.

"आता पट्टे लाव परत," घरी आल्यावर बाई म्हणाल्या.

"लावतो गं. पुढच्या रविवारी अजून एक प्रदर्शन आहे, तेवढं होऊ दे."

"मग तोवर गाडी बाहेर काढायची नाही."

"नाही काढत."

आणि त्याने काढली. बाई त्या दिवशी छापखान्यात लवकर गेल्या होत्या आणि चिमीची बस चुकली होती. चिमी मागे बसली आणि सवयीने चाचपू लागली.

"बाबा, माझं कुलूप कुठंय?"

"आज राहू दे. पुढे येऊन बस, माझ्या शेजारी. घट्ट धरून बस."

बोळातून एक टेम्पो मागचापुढचा विचार न करता उलटा बाहेर आला. चष्मेवाल्यांनी ब्रेक दाबला. मिस्त्रींचे काम चोख होते. मी जागच्या जागी थांबले. चिमी थांबली नाही. तिचे तोंड माझ्या पोलादी डॅशबोर्डवर आपटले. ओठ फाटला, पुढचे दोन दात तुटले आणि रक्त माझ्या गालिच्यावर सांडले. टेम्पोला धक्का लागला नाही. माझ्या रंगावर ओरखडासुद्धा उठला नाही. मी रविवारचा चषक आरामात जिंकले असते. जिला रोज शाळेत पोचवले तिलाच मारायला मला लावले, मित्रांनो, आणि मला नाही म्हणता आले नाही.

बाई धावतपळत दवाखान्यात आल्या. चिमीला टाके घालून झाल्यावर त्या आवारात माझ्यापाशी आल्या. मागे चष्मेवाले होते, मान खाली घालून.

"पट्टे कुठे आहेत?"

"डिकीत."

बाईंनी डिकी उघडली. चारही पट्टे मऊ फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेले होते.

"यांना बरं जपलंस," त्या म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस त्या त्याच्याशी कामापुरतेच बोलल्या.

मिस्त्रींनी पट्टे परत आवळले. डॅशबोर्डवर जाडजूड काळी गादी बसवली. ती दिसायला भयंकर आहे आणि मला फार आवडते. पण चिमी येईना. चष्मेवाले रोज सकाळी दार उघडून उभे राहत. "चल ना, पट्टे लावलेत आता." ती "नको" म्हणे आणि आईचा हात धरून माझ्याकडे न बघता बसथांब्याकडे चालू लागे.

एका सकाळी ती अचानक थांबली. मागचे दार उघडले, पण आत बसली नाही. उंबऱ्यावर पाय रोवून तिने पट्टा दोन्ही हातांनी हिसकला. पट्टा अडकला, जसा अडकायला हवा तसाच. पुन्हा हिसकला, पुन्हा अडकला. मग बाबांचा पट्टा, मग आईचा. शेवटी ती मागे बसली. बाई किल्लीला हात लावून थांबून राहिल्या. खूप वेळाने मागून आवाज आला, नव्या फटीतून थोडा फुसकारत, "कुलूप लागलं."

ती अजून रोज तशीच हिसकून बघते आणि तिचे बाबा उशीर होत असला तरी दार धरून उभे राहतात. तिने मला माफ केले की नाही, मला ठाऊक नाही. माझा राग मात्र मी सोडणार नाही. मित्रांनो, एखाद्या मैदानात माझ्यासारखी चकाकणारी जुनी गाडी दिसली, तर तिच्या मडगार्डवरून हात फिरवू नका. दार उघडायला सांगा आणि विचारा, हिचे पट्टे कुठे आहेत?