तिसऱ्या पेटीतली पावडर

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या त्या कोपऱ्यात लोवेल टिमन्सनं भरलेलं काडतूस म्हटलं की पुढे कुणी बोलत नसे. दुकानातलं काडतूस हरणाच्या शिकारीला ठीक. हजार यार्डांवरच्या निशाणाला ते चालत नाही, तिथे प्रत्येक काडतूस आधीच्यासारखं हुबेहूब लागतं. त्यासाठी लोवेल दोन हिवाळे गॅरेजात ठाण मांडून बसला होता. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्यांची तोंडं तापवून मऊ करायची, पावडर कणाकणानं तोलायची, गोळी केसभर आत, केसभर बाहेर बसवून बघायची. मग बर्फात जाऊन पाच-पाच गोळ्या झाडायच्या आणि कागदावरची छिद्रं किती जवळ पडली ते मोजून वहीत टिपायचं. जमलं नाही की पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या-आमच्यासारख्याला दुसऱ्याच दिवशी वेड लागलं असतं.

नेम मात्र त्याचा नव्हे, बायकोचा. व्हर्ना चौसष्ट वर्षांची, बोलायला फटकळ आणि चाप ओढायला एकदम शांत. नेमबाजी क्लबच्या भिंतीवर एक लाकडी फळी आहे, तिच्यावर दरवर्षीच्या विजेत्याचं नाव कोरतात. एकोणीस वर्षं ती फळी व्हर्नानंच पुसली होती, पण तिचं नाव काही त्यावर चढलं नव्हतं.

त्या रविवारी स्पर्धेच्या दोन फैरी झाल्या तेव्हा ती चार गुणांनी पुढे होती. तिसरी, शेवटची फैर उरली होती. वीस गोळ्यांची.

"वारा डावीकडून आहे," लोवेल तिच्यामागच्या खुर्चीवर बसत म्हणाला.

"चाळीस वर्षं तोच तर खातेय. तू दुर्बिणीत बघ आणि गप्प बस."

ती चटईवर पालथी झाली. तिसऱ्या पेटीतलं पहिलं काडतूस आत सरकवून तिनं बंदुकीच्या दस्त्याला गाल लावला. आणि तो गाल बघता बघता लोवेलला गुरुवार आठवला.

गुरुवारी सकाळी तो हीच पेटी भरत असताना घरात फोन वाजला होता. बोलून तो गॅरेजात परत आला, तेव्हा टेबलावर दोन बाटल्या होत्या. एक पांढऱ्या झाकणाची, एक लाल. काडतुसं भरणाऱ्यांचा एकच कडक नियम आहे, टेबलावर एका वेळी एकच पावडर. लाल झाकणाची पावडर त्याच्या छोट्या बंदुकीची, भसकन पेटणारी. ती या मोठ्या काडतुसात गेली, तर बंदूक मागच्या मागे फुटून व्हर्नाच्या तोंडावर येणार होती. दोन्ही पावडरी करड्या, दिसायला बहिणी-बहिणी. फोननंतर आपण कुठली ओतली?

"थांबा!" लोवेल ओरडला.

नेमबाजीच्या रेंजवर हा शब्द कुणीही उच्चारू शकतो, अगदी कॉफी देणारीसुद्धा. मग कुणी वाद घालत नाही. पंधरा बंदुकांचे बोल्ट मागे गेले, आता कुठलीच झाडता येणार नव्हती. स्पर्धेचा प्रमुख मर्ल धावत आला.

"काय झालं?"

"तिच्या काडतुसांत," लोवेलला धड बोलता येईना, "पावडर चुकीची असेल. माझ्या हातून."

सगळे ऐकत होते. व्हर्नानं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काडतूस बाहेर काढून पेटीत ठेवलं आणि गुडघे चोळत ती उठली.

"दुसरी काडतुसं आहेत?" मर्लनं विचारलं.

"या बंदुकीची नाहीत."

"मग ही फैर गेली, व्हर्ना."

"कळतं मला."

पिकअप ट्रकच्या मागच्या फळीवर दोघांनी काडतुसं उघडायला घेतली. ठोकून गोळी ढिली करायची, पावडर पांढऱ्या ताटलीत ओतायची आणि भिंगाखाली कणांचा आकार बघायचा, दोघींत फरक काय तो तेवढाच. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. पाचवं, दहावं, विसावं. सगळी पावडर तीच, जी असायला हवी होती ती. लोवेल चाकाला टेकून खालीच बसला. आधी नुसता आनंद झाला. मग क्लबातली फळी आठवली.

"मी तुझं फळीवरचं नाव घालवलं," तो म्हणाला. "पण दोन बाटल्या मी बघितल्या गं. या डोळ्यांनी. लाल झाकण होतं."

व्हर्ना त्याच्या शेजारी मातीत बसली.

"बघितल्यास. पण गुरुवारी नाही, जानेवारीत. तू जेवायला आत आला होतास आणि टेबलावर दोन्ही उघड्या होत्या. त्याच दिवशी लाल बाटली मी माझ्या भावाकडे नेऊन टाकली. तेव्हापासून घरात एकच पावडर आहे, लोवेल."

वारा ताटलीतली पावडर उडवत होता. अलीकडे दोनदा लोवेल घरचा रस्ता चुकला होता, ते त्यानं तिला सांगितलं नव्हतं. तिला ठाऊक होतं, हे आता त्याला कळलं.

"म्हणजे तिथे चटईवर तुला माहीत होतं, काडतुसं बरोबर आहेत म्हणून."

"हो."

"मग बोलली का नाहीस? एवढं एक वाक्य बोलली असतीस, तर जिंकली असतीस."

"चौदा माणसं ऐकत होती," व्हर्ना म्हणाली. "त्यांच्यासमोर काय सांगू? माझ्या नवऱ्यापासून पावडर लपवावी लागते म्हणून?"

चाकाचा आधार घेत लोवेल उठला.

"कुठे निघालास? बस खाली."

तो बसला नाही. कॉफीच्या टेबलाभोवती मंडळी जमली होती, दबक्या आवाजात त्याच्याबद्दलच बोलत होती.

"मर्ल," लोवेल म्हणाला, "पावडर बरोबर होती. सगळीच्या सगळी. व्हर्नाला तेव्हाच माहीत होतं, पण माझी लाज राखायला ती बोलली नाही. बिघाड काडतुसांत नाही, माझ्या डोक्यात आहे. सगळ्यांनी ऐकलंत ना? मग झालं."

मर्लनं टोपी काढून हातात धरली. फैर काही परत मिळणार नव्हती, नियम तो नियम.

मागून येऊन व्हर्नानं लोवेलचा हात धरला.

"पुढच्या रविवारपासून काडतुसं तू भर," तो तिला म्हणाला. "मी शेजारी बसून सांगेन कसं ते."

"आणि तू सांगशील ते बरोबर कशावरून?"

"वहीत बघ. सगळं लिहून ठेवलंय. माझ्यावर विसंबू नकोस."

व्हर्ना मान हलवून हो म्हणाली. आणि पिकअपच्या किल्लीसाठी तिनं हात पुढे केला.