कोरडं लुगडं

श्रावणात त्र्यंबकपंतांच्या घरी पंगत बसली होती. सून वासंती भात वाढायला वाकली आणि पहिल्याच पाहुण्याने पानावर आडवा हात धरला. तिच्या मनगटावर राणीछाप रुपयाएवढं लाल वर्तुळ होतं. संध्याकाळपर्यंत कल्याणच्या पारनाक्यावर वासंतीला महारोग झाला होता.

झालं होतं गजकर्ण. मूळ कमरेला, निऱ्यांच्या गाठीखाली. खाजवून मनगटावर आलेलं. नवरा हरिहर मुंबईत नोकरीला. त्याने डॉक्टरला विचारून गजकर्णावरचं औषध, गोव्याची पूड, आणली. लिंबाच्या रसात कालवून लावली की चट्टा सुकायचा आणि पुन्हा फुलायचा. कारण डॉक्टर आणखी एक बोलला होता: अंग कोरडं ठेवा. आणि या घरात बाईने पहाटे विहिरीवर डोक्यावरून पाणी घ्यायचं नि त्याच निथळत्या लुगड्यात दुपारपर्यंत चुलीपुढे बसायचं. म्हणे सोवळं! ज्यांना हे सोवळं हवं त्यांनी एक दिवस ओल्या धोतरात धूर खाऊन दाखवावा. हरिहर इंग्रजी शिकलेला, पण बापापुढे मुका. डॉक्टरचं बोलणं बायकोच्या कानात सांगून तो मोकळा झाला.

"उद्या गाडी जोडा," पंत म्हणाले. "तिला माहेरी पोचवा. मग हरीसाठी दुसरी मुलगी बघू."

सासू रखमाबाई दारात उभ्या होत्या. पदर जरा सुकला तरी सुनेला परत विहिरीवर धाडणारी बाई.

"मलाही त्याच गाडीत बसवा," त्या म्हणाल्या.

"तू कुठे निघालीस?"

"मलाही तेच आहे. हरी पोटात होता तेव्हापासून."

"काहीतरी बरळू नकोस."

"दिवा असताना कधी पाहिलंत मला?"

पंतांचा अडकित्ता सुपारीवर थांबला.

"इतकी वर्षं माझ्या हातचं जेवताय. झडलं का एखादं बोट? उद्यापासून आम्ही दोघी कोरडं नेसून रांधू. धुतलेलं, कोणी न शिवलेलं. चालत नसेल तर तुम्ही रांधा, ओलेत्याने."

पंत उठून देवळात गेले. गाडी जोडायला पुन्हा कोणाला सांगितलं नाही.

माजघराचं दार लावून वासंतीने पूड कालवली. रखमाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या. हात गाठीवर, गाठ सुटेना.

"डोळे मीट गं."

"आई, डोळे मिटले तर लावू कुठे?"

"चोंबडी मेली," म्हणत त्यांनी गाठ सोडली.

कमरेभोवती कातडं काळं, जाड झालं होतं. त्यावर नखांचे जुने ओरखडे. वासंतीला रडू फुटलं. हात औषधाने भरलेले, डोळे पुसता येईनात. रखमाबाईंनी वळून स्वतःच्या पदराने तिचे डोळे पुसले.

"मी सोसलं, तर हीही सोसेल, असं वाटलं मला," त्या म्हणाल्या. "कसलं मेलं शहाणपण!"

"आग होईल हं थोडी."

"होऊ दे. लाव."

वासंतीने हलक्या बोटाने औषध लावलं. कमरेचा वेढा पुरा झाला तशी ती हात काढू लागली.

"अजून खाली आहे," रखमाबाई हळूच म्हणाल्या.