उन्हाला किल्ली नसते

साहेबांना मी दोनदा मारलं. पहिला ठोसा नाकावर, दुसरा तोंडावर. तिसऱ्यासाठी हात उचलला तेव्हा आवाज ऐकून वर धावत आलेल्या प्रेसखात्यातल्या चौघांनी मला मागून धरलं, म्हणून साहेब वाचले. पुढे चौकशीत कुणीतरी माझी बाजू घ्यायला गेलं आणि म्हणालं, वायरमनचा हात झटापटीत चुकून लागला. चुकून कसला? दोनदा मारलं आणि ठरवून मारलं. भर सकाळी अकराला, कारखान्याच्या छपरावर, पाहुणे जिना चढत असताना.

माझ्या पायाशी माझा मेहुणा पडला होता. बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याच कारखान्यात फिटर. त्याच्या दोन्ही हातांतून धूर निघत होता आणि डावा दंड मोडून भलतीकडेच वळला होता. तो दंड साहेबांनी नाही मोडला. मी मोडला.

मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही अर्धवट ऐकून मोकळे व्हाल.

आमचा कारखाना पत्र्याच्या डब्यांचा. मी तिथला वायरमन, एकवीस वर्षं. तीन वर्षांपूर्वी मी घरावर आठ सोलर पॅनल बसवली, स्वतःच्या हातांनी. शेजारी म्हणाले, "याला काही उद्योग नाही." मग गल्लीतली वीज गेली की फक्त आमचा पंखा फिरायला लागला, तेव्हा तेच शेजारी मोबाईल चार्जिंगला घेऊन दारात. घरात एकच नियम होता. वायरीला हात लावायचा तर आधी बायको गच्चीवर जाणार, आठही पॅनलवर जाड चादरी टाकणार, कोपऱ्यांवर विटा ठेवणार. कारण मेन बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनल वीज करतच राहतं. "आधी झाकू द्या," ती म्हणायची, "मग काय ते पराक्रम करा."

मालकांच्या कानावर गेलं. एका रविवारी ते घरी आले, गच्चीवर तासभर उभे राहिले आणि म्हणाले, "हेच आपल्याकडे का नाही?" वर्षभरात कारखान्याच्या छपरावर दोनशे चाळीस पॅनल चढली. दिवसभर धूर ओकणारा डिझेलचा जनरेटर गप्प झाला. रंग वाळवायची भट्टी उन्हाच्या वेळेतच चालू लागली. जेवणाच्या सुट्टीत लोक न सांगता दिवे बंद करायला शिकले. गेटवर मोठी पाटी लागली, तिच्यावर आत्ता किती वीज बनतेय त्याचा आकडा पळायचा. मी येताजाता त्या पाटीकडे बघायचो आणि छाती फुगायची, खोटं कशाला बोलू? छपरावर माझ्याशिवाय कुणी चढायचं नाही असा दंडक मीच घातला. मेहुण्याने दोनदा विचारलं होतं. "भावोजी, मलाही शिकवा की हे." मी खेकसलो, "तू तुझे नटबोल्ट आवळ."

खरं तर तो माझ्यापेक्षा सावध. पत्रा कापायच्या प्रेसमध्ये हात घालायच्या आधी मेन खाली ओढायचा, त्याला कुलूप लावायचं, किल्ली खिशात टाकायची, खिशावर थाप मारून खात्री करायची, मगच हात आत. सोळा वर्षं हेच. प्रेसखात्यात निम्म्या लोकांची दहा बोटं भरत नाहीत. त्याची भरायची.

त्या दिवशी मोठं गिऱ्हाईक येणार होतं, मुद्दाम आमचं छप्पर बघायला. आणि सकाळीच गेटवरचा आकडा धाडकन खाली आला. मी वर गेलो. साठ पॅनलच्या वायरी ज्या एका डब्यात येतात, त्यातला जोड जळून काळा पडला होता. साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, माझ्यामागोमाग वर आले.

"किती वेळ लागेल?"

"ताडपत्र्या आणून साठ पॅनल झाकायला लागतील. दुपार होईल."

"पाहुणे अकराला येतायत. मेन बंद कर, पाच मिनिटांत जोड बदल."

"साहेब, मेनचा इथे काही उपयोग नाही. ऊन आहे तोवर डब्यात वीज आहे."

"तू प्रत्येक गोष्टीचा बाऊ करतोस."

"मग तुम्ही घाला हात," म्हटलं आणि ताडपत्र्या आणायला स्टोअरमध्ये गेलो. जाताना वाटलं, बरी जिरवली.

स्टोअरवाल्याने ताडपत्र्या शोधण्यात वीस मिनिटं घालवली. तेवढ्यात साहेबांनी मेहुण्याला वर बोलावलं. जिन्याच्या तोंडाशी झाडू मारणाऱ्या बाईंनी मला हे नंतर सांगितलं. त्याने मेन ओढला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, थाप मारली. तरी बिचाऱ्याने विचारलं, "भावोजींना विचारू का?" साहेब म्हणाले, "मेन बंद आहे ना? मग भितोस कशाला?"

मी ताडपत्री खांद्यावर घेऊन शेवटच्या पायऱ्या चढत होतो तेव्हा आवाज आला. जाड कापड टरटरा फाडावं तसा, पण न थांबणारा. मेहुणा डब्याला चिकटला होता. हातात पान्हा, अंग ताठ, तोंड उघडं आणि तोंडातून आवाज नाही. साहेब लांब कठड्याला पाठ लावून उभे. त्याला हाताने ओढलं असतं तर मीही तिथेच चिकटलो असतो. पॅनल धुवायच्या ब्रशचा लाकडी दांडा पडला होता, तो उचलला आणि त्याच्या दंडावर हाणला. सुटला नाही. पुन्हा हाणला. हाड मोडलेलं मला दांड्यातून कळलं. तरी सुटेना. बायकोच्या सख्ख्या भावाला मी गुरासारखा बडवत होतो आणि रडत होतो. तिसऱ्या फटक्याला तो मागे पडला.

"मी नाही हं सांगितलं त्याला," साहेब म्हणाले. "तो आपणहून चढला."

माणूस श्वास घेतोय की नाही हेही त्यांनी पाहिलं नव्हतं. तेव्हा मी मारलं.

दवाखान्यात बायको आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झाकायचं त्याला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मला माहीत आहे. मी वायरीला कधी बोटसुद्धा लावत नाही. आणि जो रोज मशीनमध्ये हात घालतो, त्याला तुम्ही सांगितलं नाही?"

तिने माझ्या थोबाडीत मारली. नर्स बघत होती, रांगेतले पेशंट बघत होते. तिची काही चूक नव्हती.

उजवा हात मनगटापासून काढावा लागला. डाव्याची दोन बोटं राहिली.

आठवड्याने मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कागद तयार होता. फिटर कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपणहून डब्यात हात घालायला गेला, एवढ्यावर सही करायची. मग साहेब माझ्यावर केलेली पोलिसातली तक्रार मागे घेतील आणि माझी नोकरी राहील. मी कागद उलटा केला आणि मागे लिहिलं. हुकूम साहेबांनी दिला. शिकवलं नाही ते मी. साहेबांना दोनदा मारलं.

मालकांनी वाचलं. "निदान शेवटचं तरी खोड," ते म्हणाले.

"राहू द्या."

नोकरी त्याच दुपारी गेली. तक्रार आहे तशी आहे. मी गेटवरच्या पाटीकडे न बघता बाहेर पडलो आणि सरळ दवाखान्यात गेलो.

मेहुणा जागा होता. दोन्ही हात पट्ट्यांत, दंडाला प्लास्टर.

"भावोजी, जरा नाक खाजवा."

मी खाजवलं.

"वर. हां, तिथे." मग म्हणाला, "काढलं म्हणे तुम्हाला."

"काढलं."

"दंडावर फार जोरात मारलंत."

"हो रे."

"बरं केलंत. म्हणून तर आहे." त्याने मान माझ्याकडे वळवली. "आता रिकामेच आहात ना? शिकवा मग."

"काय?"

"ते पॅनलचं. मेन बंद, कुलूप लावलेलं, तरी वीज आली कुठून?"

"आता कशाला रे तुला?"

"कशाला म्हणजे? छपरावर उद्या दुसरा कुणीतरी चढणारच. हात गेले, पण तोंड आहे की मला. सांगेन त्याला."

मी स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि पहिल्यापासून सांगायला लागलो. तो लक्ष देऊन ऐकत होता, आणि काही कळलं नाही, तर मला थांबवून पुन्हा सांगायला लावत होता.