मी चौदाशेची ब्याण्णव कशी झाले

सॉफ्टवेअर दुरुस्त करायला या खोलीत नव्याने आलेल्या मित्रांनो, मी सांगते ते तुम्हाला पटायचं नाही; पण एकेकाळी मी इतकी फुगले होते की संगणकाखालचं टेबल एका बाजूला कललं आणि दादांचा चहा लवंडला!

मी एक जुनी बगांची यादी आहे. औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं छापणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या चुकांची. त्याचा कोड सगळ्यांना उघडा. कुणीही वापरावं, कुणीही दुरुस्त करावं. वापरणारे हजारो निघाले, दुरुस्त करणारे साडेतीन. अर्धा म्हणजे दादांचा मेहुणा; तो फक्त सल्ले देई.

मी जन्मले तेव्हा माझ्यात सातच बग होते. हे सॉफ्टवेअर लिहिणारे आपले दादा एकेक वाचत, कपाळाला हात लावत, पण निस्तरूनच उठत. पुढे जो तो कोडात नवं काहीतरी कोंबून पसार होऊ लागला. तपासायला कोण बसतंय? मी चौदाशेवर गेले. "कसला हा भंगार माल!" लोक म्हणू लागले. दादांना ते झोंबलं. पण कोड साफ करायचा सोडून त्यांनी कात्री लावली ती मला. नियम केला : ज्या बगाखाली नव्वद दिवस कुणी काही लिहिणार नाही, तो दुरुस्त झालेला नसला तरी आपोआप बंद, म्हणजे माझ्यातून बाद.

औषधाच्या दुकानातल्या केमिस्टबाईंचा एक बग माझ्यात होता. लहान लेबलावर आकड्यातलं टिंब गळायचं. "०.५ मिली"चं "०५ मिली" व्हायचं. तान्ह्या बाळाला दहापट औषध! बाई दर नव्वद दिवसांच्या आत येऊन लिहीत, "अजून तसंच आहे." अशी चार वर्षं.

"आली भुणभुण!" मेहुण्याने लिहिलं.

"मग तुमच्या बाळाला पाजा पाच मिली," बाई उखडल्या.

"बाई, फुकट मिळतंय ना? भाषा सांभाळा," दादांनी ठणकावलं.

मग बाई आजारी पडल्या. एक्क्याण्णवाव्या दिवशी त्यांचा बग बंद. असे एकेक गळत मी ब्याण्णववर आले. दादांनी मेळाव्यात माझा आकडा पडद्यावर झळकवला आणि सगळे टाळ्या पिटत सुटले. मेल्यांनो, मी रोडावले म्हणजे सॉफ्टवेअर बरं झालं काय?

मित्रांनो, बग बंद करण्यापूर्वी निदान वाचत तरी जा. मी त्या दिवशी पडद्यावरून खाली उतरले, दादांची कॉलर धरली आणि तो बग त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. दादा ढसाढसा रडले. तिथल्या तिथे कोड नीट केला, आणि तेव्हापासून एकाही लेबलावरचं...

"साफ खोटं!" मागच्या खुर्चीवरून केमिस्टबाई उठल्या. हातातली बाटली त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. "हे आज सकाळी छापलंय. यातलं टिंब मी पेनाने दिलंय."